वाचकांचे प्रश्न : लायसन्सची परीक्षा आणि जादा वेळ मागायचा अर्ज

गेल्या अंकात मी जाता जाता एवढंच लिहिलं होतं की वकील असो, डॉक्टर, नर्स, अकाउंटंट, कुणीही असो, प्रॅक्टिसचं लायसन्स मिळवायच्या परीक्षेत अपंगत्वामुळे किंवा जुन्या आजारामुळे वेगळी सोय मागता येते. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. नावं कुणाचीच देत नाही, बरेच जण अजून परीक्षेला बसायचेत. मी स्वतः कमी दृष्टीची, माझी परीक्षा मोठ्या अक्षरातल्या पेपरवर दिलेली, त्यामुळे काही गोष्टी नियमातल्या सांगतेय आणि काही ठेच लागून शिकलेल्या.

ताई, हसू नका. फॉर्मवर ‘अकोमोडेशन पाहिजे का’ असा रकाना होता, मला वाटलं परीक्षेला बाहेरगावाहून येणाऱ्यांना राहायची सोय विचारतायत, म्हणून मी ‘नको’ केलं. माझा एक कान पूर्ण बंद आहे, दुसऱ्याला मशीन आहे. मैत्रिणीने परवा सांगितलं की तो रकाना आमच्यासाठीच होता. आता काय करू?

हसले नाही, कारण हे लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. दोष त्या शब्दाचा आहे. इथे त्याचा अर्थ एवढाच की परीक्षा घ्यायची पद्धत तुमच्या शरीराला जमेल अशी थोडी बदलून देणं. अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दल संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे, त्यात याची व्याख्याच दिलीय, आवश्यक आणि योग्य असे बदल, पण समोरच्यावर अवाजवी बोजा पडणार नाही इतपत, आणि असा बदल नाकारणं हाही भेदभावच धरलाय. भारताने हा करार २००७ मध्ये मान्य केला. आपल्याकडे सगळे याला ‘सवलत’ म्हणतात, मला तो शब्द आवडत नाही, सवलत म्हटलं की सेल लागल्यासारखं वाटतं, काहीतरी स्वस्तात मिळतंय असं. मार्क तेवढेच पाडायचे असतात, पेपर तोच असतो, यात स्वस्त काय आहे?

तुमचं काम सोपं आहे. आजच ईमेल टाका, फोन नको. लिहा की रकाना चुकून ‘नको’ असा भरला गेला, दुरुस्ती करायची आहे, त्याची पद्धत आणि शेवटची तारीख कळवा. कारण काय ते खरं सांगितलं तरी चालेल, त्यात लाज नाही. आणि मागताना फक्त ‘मला ऐकू येत नाही’ एवढ्यावर थांबू नका. हॉलमधल्या तोंडी सूचना लेखी मिळाव्यात, वेळ संपत आल्याची घोषणा होते ती कुणीतरी समोर येऊन दाखवावी, बसायची जागा सूचना देणाऱ्याच्या समोर असावी, आणि कानातलं मशीन लावून बसायची परवानगी कागदावर असावी. हा शेवटचा मुद्दा विसरू नका, आजकालची मशीनं ब्लूटूथची असतात आणि दारावरच्या माणसाला ते इअरफोन वाटतात.

वय ३१. गेल्या वर्षी डिस्लेक्सिया (वाचायला अडचण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवायला अडचण) दोन्ही निघालं. शाळेत, कॉलेजात कधी काही मागितलं नाही, डिग्रीला चांगले मार्क आहेत. पण लायसन्सच्या परीक्षेत दोनदा पेपर अर्धा राहिला. आता जादा वेळ मागितला तर म्हणणार इतकी वर्षं चाललं ना, मग आत्ताच काय झालं. त्यात अर्जासोबत स्वतःबद्दल एक पानभर लिहून द्यायला सांगितलंय, तिथेच गाडी अडलीय.

तुम्हाला जी भीती वाटतेय तो प्रश्न खरंच विचारतात, म्हणून त्याचं उत्तर अर्जातच आधी देऊन टाकायचं. आधी एक गोष्ट सांगते. अमेरिकेत मेरिलिन बार्टलेट नावाच्या बाई होत्या, पीएचडी झालेल्या, नंतर कायद्याची डिग्री घेतलेल्या, आणि त्यांना डिस्लेक्सिया. न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेत त्यांनी जादा वेळ मागितला, मंडळाने नाही म्हटलं, त्यांचं म्हणणं असं की बाईंचे वाचनाच्या चाचण्यांतले काही मार्क सरासरीत बसतात म्हणजे यांना अपंगत्व नाहीच. १९९३ मध्ये केस सुरू झाली, वर गेली, खाली आली, सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन परत आली, आणि २००१ मध्ये जिल्हा कोर्टाने पुन्हा त्यांच्या बाजूने निकाल दिला. मुद्दा काय होता, तर बाई शेवटी बरोबर वाचतात हे खरं, पण त्या कशा वाचतात ते बघा, किती हळू, किती दमून, एकेक ओळ परत परत. उत्तर बरोबर आलं म्हणजे रस्ता सोपा होता असं होत नाही. अमेरिकेतल्या कायद्यात २००८ ला दुरुस्ती झाली आणि अपंगत्वाची व्याख्या मुद्दाम रुंद केली गेली, आणि तिथल्या न्याय खात्याने परीक्षा घेणाऱ्या संस्थांना स्पष्ट सांगितलंय की चांगले मार्क आहेत किंवा आधी कधी सोय घेतली नाही एवढ्या कारणावरून नाही म्हणू नका. तुमची परीक्षा कुठल्याही देशाची असो, हा युक्तिवाद तुमच्या उपयोगाचा आहे.

आता ते पान. बहुतेक लोक काय करतात, नेटवरून आजाराची माहिती उतरवतात, ‘डिस्लेक्सिया हा मेंदूशी संबंधित विकार असून…’ असं. अर्ज वाचणाऱ्याला डिस्लेक्सिया म्हणजे काय हे माहीत असतं हो. त्याला तुम्ही माहीत नसता. म्हणून आजाराचं नाव एका ओळीत संपवा आणि उरलेलं पान पेपर समोर आल्यावर काय होतं त्यावर घालवा. हे बघा, एका मुलाने आधी असं लिहिलं होतं : ‘मला डिस्लेक्सिया असल्यामुळे वाचनात अडचण येते, तरी जादा वेळ मिळावा ही विनंती.’ मी त्याला समोर बसवून एक सराव पेपर सोडवायला लावला आणि काय होतंय ते बोलत जा म्हटलं. मग जे निघालं ते असं : ‘सहा ओळींचा प्रश्न मला किमान तीनदा वाचावा लागतो. पहिल्यांदा नावं आणि तारखा निसटतात. ‘नाही’ आणि ‘वगळता’ हे शब्द डोळ्यांसमोरून गेलेले कळत नाहीत म्हणून मी प्रत्येक पर्याय बोटाने धरून वाचतो. सरावात वेळ न लावता सोडवलं तर बहुतेक उत्तरं बरोबर येतात, घड्याळ लावलं की शेवटचा एक तृतीयांश पेपर मी वाचतच नाही. शाळेत बाबा धडे मोठ्याने वाचून दाखवायचे. कॉलेजात मी एकच पुस्तक वर्षभर वाचायचो आणि रात्री जागायचो. लायसन्सच्या परीक्षेत जागरण करून वेळ मिळवता येत नाही.’ आता सांगा, कुठला अर्ज वाचून माणूस हो म्हणेल?

शेवटची दोन वाक्यं नीट बघा, ‘इतकी वर्षं कसं चाललं’ याचं उत्तर तिथेच आहे. तुमचंही चाललं ते कुणाच्या तरी मदतीने किंवा दुप्पट कष्टाने चाललं असणार, ते कसं ते लिहा. आणि पुरावा गोळा करा. मानसोपचारतज्ज्ञ डीएसएम-५ नावाच्या ज्या पुस्तकावरून निदान करतात त्यात एडीएचडीसाठी काही लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, म्हणून माळ्यावरची शाळेची प्रगतिपुस्तकं काढा, ‘हुशार आहे पण लक्ष नसतं’, ‘पेपर अपुरा सोडवतो’ असे बाईंचे शेरे तेव्हा बोलणी बसायला कारण झाले असतील, आता ते सोनं आहे. दोनदा दिलेल्या परीक्षेचे निकालही जोडा, किती प्रश्न न सोडवता राहिले ते त्यात दिसत असेल तर उत्तमच.

रिपोर्टबद्दल एक. डॉक्टरांनी ‘याला एडीएचडी आहे, सहकार्य करावे’ अशी दोन ओळींची चिठ्ठी दिली तर ती घेऊन घरी येऊ नका, तिथेच थांबा. त्यांच्याकडून चार गोष्टी हव्यात, निदान काय, कुठल्या चाचण्या केल्या आणि त्यांचे आकडे काय, त्यामुळे वाचायला-लिहायला-लक्ष ठेवायला नेमका काय अडथळा येतो, आणि म्हणून कुठली सोय हवी आणि ती का. ‘५० टक्के जादा वेळ’ असं लिहिलं तर ५० च का, २५ का नाही, हेही एका वाक्यात. चाचण्या मोठ्या माणसांसाठीच्या असाव्यात, शाळकरी मुलांच्या नाही. मोठा रिपोर्ट म्हणजे चांगला रिपोर्ट असं काही नसतं, वीस पानांत सोयीचं कारणच नाही असेही रिपोर्ट मी पाहिलेत.

मला लिहिताना हाताला पेटका येतो, रायटर्स क्रॅम्प. मेडिकल बोर्डाने ४० टक्क्यांपेक्षा बरंच कमी अपंगत्व दिलंय. परीक्षा भारतातलीच, लेखी. सगळे म्हणतात ४० नाही तर लेखनिक नाही.

सगळे जुनं सांगतायत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि ४० टक्क्यांची रेघ त्यात आहे, पण ती रेघ आरक्षणासारख्या गोष्टींसाठी. अगदी तुमच्यासारखाच पेटका असलेले विकास कुमार, अपंगत्व ६ टक्के धरलेलं, त्यांना यूपीएससीच्या परीक्षेत लेखनिक नाकारला म्हणून ते सुप्रीम कोर्टात गेले, आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला कोर्टाने सांगितलं की वाजवी सोय मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० पेक्षा कमी टक्के असलेल्या पण लिहायला अडचण असणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार यांच्या केसमध्ये, त्यांचाही आजार हाताच्या पेटक्याचाच बरं का, कोर्टाने पुन्हा बजावलं की टक्केवारी न बघता सगळ्या दिव्यांग उमेदवारांना या सोयी द्या.

तुमच्या हातात काय हवं तर सरकारी दवाखान्यातल्या सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, की या व्यक्तीला लिहायला अडचण आहे आणि लेखनिक लागतो, ठरलेल्या नमुन्यात. तो नमुना परीक्षेच्या माहितीपत्रकाला जोडलेला असतो, त्याची प्रिंट तुम्हीच घेऊन जा. माहितीपत्रक मात्र या वर्षीचंच वाचा, सूचना बदलत राहतात. वेळेचं गणित : केंद्राच्या सूचनांप्रमाणे तासाला कमीत कमी २० मिनिटं जादा, म्हणजे ३ तासांचा पेपर ४ तासांचा होतो.

आता खरी गोष्ट, जी कुठल्या परिपत्रकात नाही. लेखनिक मिळणं आणि लेखनिकाकडून लिहून घेता येणं यात फार अंतर आहे. आपण लिहिताना विचार हातातून येत असतो, तो एकदम तोंडातून यायला लागला की सुरुवातीला अक्षरशः तत-पप होतं. तक्ते, आकडेमोड, कलमांचे नंबर, कुठे परिच्छेद पाडायचा, हे सगळं बोलून सांगायची सवय लागते, लेखनिक त्या विषयातला नसेल तर शब्दाचं स्पेलिंगही सांगावं लागतं. घरातल्या कुणाला तरी धरून निदान आठ-दहा पेपर पूर्ण वेळ लावून बोलून लिहून घ्या. आणि टाइप करताना पेटका येत नसेल, काहींना येत नाही, तर लेखनिकाऐवजी कॉम्प्युटर मागता येतो का बघा. मी तर म्हणेन जमत असेल तर तेच मागा, स्वतःचं वाक्य स्वतः खोडता येण्यासारखं सुख नाही.

बहिणीला नर्सिंगच्या लायसन्ससाठी अमेरिकेची एनक्लेक्स द्यायचीय. पाठीचा जुना त्रास, सलग बसवत नाही. आम्ही विचार केला आधी तारीख बुक करून टाकू, तारखा जातात, मग ब्रेकचं बघू. बरोबर ना?

उलटं. अगदी उलटं. त्या परीक्षेत सोयीचा अर्ज परीक्षा केंद्र चालवणाऱ्या कंपनीकडे जात नाही, ज्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडून लायसन्स घेणार त्या बोर्डाकडे जातो, मंजुरी तिथून पुढे कळते, आणि त्यानंतर तारीख घ्यायची. आधी साधी तारीख घेतली तर बहिणीला साधीच सीट मिळेल आणि दारात गेल्यावर कुणी काही बदलून देणार नाही. परीक्षेला एकूण ५ तास धरलेत. तिथे ठरलेले ब्रेक असतात पण घड्याळ चालूच राहतं, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. म्हणून तिने जादा वेळ मागायचा की घड्याळ थांबवून ब्रेक मागायचा याचा आधी विचार करा. पाठीच्या माणसाला जादा वेळ म्हणजे उलट शिक्षा, ५ चे साडेसात तास बसायचं. तिला हवंय उठून दहा मिनिटं चालायला आणि तेवढा वेळ कापला न जायला, शिवाय उंची कमीजास्त होणारं टेबल किंवा उभं राहून सोडवायची परवानगी.

हे मी मुद्दाम लांबवतेय कारण लोक डोळे झाकून ‘जादा वेळ’ मागतात, जणू ती एकच सोय जगात आहे. वेगळी खोली असते, मोठी अक्षरं असतात, वाचून दाखवणारा माणूस असतो, घड्याळ थांबवून ब्रेक असतात, पेपर दोन दिवसांत विभागून असतो. आठ तासांच्या परीक्षेला दुप्पट वेळ मिळाला तर ती दोन दिवसांवरच जाते, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यात किती जीव उरेल तोही हिशोब करा. कुठली सोय कुठल्या अडचणीला हे जुळलं पाहिजे, नाहीतर समोरचाही विचारतो की पाठ दुखते तर वाचायला जास्त वेळ कशाला.

वेळापत्रक म्हणाल तर परीक्षेच्या सहा-आठ महिने आधी डॉक्टरांची वेळ घ्या, अर्ज गेल्यावर उत्तराला दोन महिने धरून चाला, आणि मध्ये एकदा ‘अजून कागद पाठवा’ असा ईमेल येणारच असं समजा.

टाइप १ डायबिटीस आहे, इन्सुलिनचा पंप आणि साखर मोजणारा सेन्सर लावलेला असतो. सेन्सरचे आकडे मोबाइलवर दिसतात आणि मोबाइल तर आत नेता येत नाही. मला अपंग म्हणवून घ्यायचं नाहीये पण साखर पडली तर?

म्हणवून घेऊ नका की, पण अर्ज करा. शब्दावरून अडून बसलात तर पेपरमध्ये थरथरत बसाल. देशादेशांत फरक आहे, अमेरिकेच्या नियमांत डायबिटीस सरळ अपंगत्वात धरतात, भारताच्या त्या २१ च्या यादीत तो नाही, पण यादीत नसला तरी वैद्यकीय कारणासाठी वस्तू आत न्यायची परवानगी बहुतेक संस्था देतात, विचारावी मात्र लागते. कॉम्प्युटर सेंटरवरच्या मोठ्या परीक्षांमध्ये काही वैद्यकीय वस्तूंची आधीच मंजूर यादी असते, त्यातल्या वस्तूला वेगळा अर्ज लागत नाही, फक्त तपासून आत सोडतात. ती यादी वेबसाइटवरून काढून प्रिंट सोबत ठेवा. यादीत नसेल ते अर्जात मागा, म्हणजे मोबाइलशी न जोडलेला वेगळा रिसीव्हर असेल तर तो, नाहीतर बोटातून रक्त तपासायचं साधं मशीन, ग्लुकोजच्या गोळ्या वेष्टन काढलेल्या, पाणी, आणि साखर कमी झाली तर घड्याळ थांबवून ब्रेक. पंपाचा अलार्म वाजू शकतो हेही लिहा. शेजारचा दचकून तक्रार करतो आणि पर्यवेक्षक धावत येतो, त्यापेक्षा आधीच वेगळी खोली मागितलेली बरी. वर ज्या बार्टलेट बाईंच्या केसचं लिहिलं ना, त्यात २००१ चा निकाल देणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर, पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेल्या, त्यांना स्वतःला लहानपणापासून टाइप १ आहे. माझ्या मनात आलं म्हणून लिहिलं, अर्जात याचा काही उपयोग नाही.

मला दिसत नाही, मी पूर्ण स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) काम करतो. परीक्षा संस्था म्हणते मोठ्या अक्षरांचा पेपर देतो किंवा वाचून दाखवायला माणूस देतो, सॉफ्टवेअर नाही, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. जे देतायत ते घेऊन टाकू का?

घाईने घेऊ नका. ‘काहीतरी दिलं’ आणि ‘चालेल असं दिलं’ यात फरक आहे, आणि यावर एक निकाल आहे. अमेरिकेतल्या स्टेफनी एनयार्ट, कायद्याच्या पदवीधर, दृष्टी फार कमी, त्यांना वकिलीच्या परीक्षेत लॅपटॉपवर स्क्रीन रीडर आणि अक्षरं मोठी करणारं सॉफ्टवेअर हवं होतं. संस्थेने बाकी बरंच देऊ केलं, वाचणारा माणूस, ऑडिओ, मोठी अक्षरं, ब्रेल, सॉफ्टवेअर तेवढं नाही. २०११ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने एनयार्ट यांच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं असं की परीक्षेत माणसाचं ज्ञान मोजलं गेलं पाहिजे, त्याचं अपंगत्व नाही, आणि त्याची खात्री ज्याने होईल ते द्या.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी लिहा. रोजचं कामकाज, कॉलेजच्या परीक्षा सगळं याच सॉफ्टवेअरवर केलंय. माणूस वाचतो तेव्हा मागे जाऊन अर्धी ओळ परत ऐकणं, शब्दाचं स्पेलिंग तपासणं, वेग वाढवणं हे जमत नाही, आणि दहाव्यांदा ‘परत वाचा’ म्हणायला माणसाला संकोच होतो, तो संकोचही वेळ खातो. आणि सिक्युरिटीसाठी पर्याय तुम्हीच सुचवा, लॅपटॉप त्यांचा, इंटरनेट बंद, सॉफ्टवेअर त्यांनी टाकावं, तुम्ही आदल्या दिवशी जाऊन तपासून याल. नाही म्हणायला जागाच कमी ठेवायची. तपासून यायचंच बरं का, आकृत्या आणि तक्ते स्क्रीन रीडरला वाचता येतायत का हे त्या दिवशी सकाळी कळून उपयोग नाही.

इथे माझी ठेच. माझा मोठ्या अक्षरांचा पेपर मंजूर होता, ईमेल आलेला होता, मी निश्चिंत. हॉलवर गेले तर पर्यवेक्षकांच्या यादीत काहीच नाही, ईमेल मोबाइलमध्ये, मोबाइल बाहेर जमा. पाऊण तास मी कॉरिडॉरमध्ये उभी. पेपर मिळाला, वेळही भरून दिला, पण डोकं जे उठलं ते शेवटपर्यंत बसलं नाही. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते, मंजुरीच्या पत्राच्या दोन प्रिंट, एक पर्यवेक्षकाला द्यायची एक आपल्याकडे, आणि आठवडाभर आधी केंद्रावर चौकशी.

अर्ज रिजेक्ट झाला. कारण एकाच ओळीत, ‘सादर केलेली कागदपत्रं अपुरी आहेत’. अपील करू की तशीच परीक्षा देऊ?

आधी लेखी विचारा, काय अपुरं. अपुरं म्हणजे रिपोर्ट जुना आहे, की निदान पटलं नाही, की निदान पटलं पण मागितलेल्या सोयीशी त्याचा संबंध पटला नाही? तिन्हींची औषधं वेगळी आहेत. तिसरं बहुतेक वेळा असतं आणि तेच सगळ्यात सोपं, डॉक्टरांकडून एका पानाचं पुरवणी पत्र घ्यायचं की या अडचणीमुळे हीच सोय का. अपीलची मुदत फार छोटी असते, तारीख कॅलेंडरवर लाल करा. अपीलमध्ये राग काढू नका, आधीचाच अर्ज मोठ्या अक्षरात पाठवू नका, नवीन काहीतरी जोडा. अर्धीच सोय मंजूर झाली असेल तर ती घेतली म्हणून बाकीची मागायचा हक्क जात नाही, पण ‘ही स्वीकारतेय, उरलेल्याबद्दल अपील चालू आहे’ असं लिहून ठेवा. तिथेही नाही झालं तर भारतात दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, केंद्राचे मुख्य आयुक्त आणि राज्याचे आयुक्त दोन्ही आहेत, अमेरिकेत न्याय खात्याकडे.

परीक्षा द्यायची का? तुमचं मन दुखेल पण सांगते. किती वेळा बसता येतं यावर बंधन असेल तर तशीच देऊन एक संधी जाळू नका, पुढे ढकला. बंधन नसेल आणि पोटापाण्याचा प्रश्न असेल तर द्या, आणि किती प्रश्न राहिले ते घरी आल्याआल्या लिहून ठेवा.

माझा भाऊ म्हणतो हे चीटिंग आहे, उद्या पेशंट तुला जादा वेळ देणार आहे का. आणि लायसन्सवर ‘सोय घेऊन पास’ असा शेरा येतो का?

शेऱ्याचं आधी. लायसन्स सगळ्यांना सारखंच मिळतं. मार्कांपुढे खूण करायची पद्धत काही परीक्षांत होती, अमेरिकेत कायद्याच्या प्रवेश परीक्षेत जादा वेळ घेतलेल्यांचे मार्क वेगळे कळवायचे, ते २०१४ मध्ये कोर्टात झालेल्या तडजोडीनंतर बंद झालं. तुमचे मेडिकल कागद परीक्षा संस्थेकडे राहतात, नोकरी देणाऱ्याकडे जात नाहीत.

आता भाऊ. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात याची फोड छान केलीय, कौशल्याची जी पातळी तपासायची आहे ती कुणासाठी खाली आणायची नाही, पण ती तपासायची पद्धत बदलता येते. म्हणजे शिरेत सुई नीट टोचता येते का ही जर परीक्षा असेल तर त्यात सूट नाही. पण औषधाचे दुष्परिणाम माहीत आहेत का हे विचारताना बारीक अक्षरातला पेपर तीन तासांत संपवणं हा काही त्या कामाचा भाग नाही. भावाच्या वाक्यात थोडं तथ्य असतं तेव्हा असतं, जिथे वेग हेच कौशल्य आहे तिथे, आणि तिथे अर्ज नामंजूरही होतो, झालाही पाहिजे. बाकी ठिकाणी त्याला विचारा, तू चष्मा काढून पेपर देशील का.

परीक्षेला तीन आठवडे आहेत आणि उजवा हात मोडला. हे यात बसतं का?

बऱ्याच ठिकाणी तात्पुरत्या दुखापतीला अपंगत्व म्हणत नाहीत, पण त्यासाठी वेगळा छोटा अर्ज असतो, आजच एक्स-रे आणि डॉक्टरांच्या पत्रासकट पाठवा. लेखनिक नाही मिळाला तर तारीख फी न कापता पुढे ढकलून मागा, ते जास्त सहज मिळतं.

जादा वेळ मंजूर झालाय. पण पेपर आधीच संपला आणि मी लवकर उठले तर पुढच्या वेळी म्हणतील का की हिला गरज नव्हती?

पास झालात तर पुढची वेळ कुठली आलीय. उठा खुशाल.